‘हात तर लावला नाही’, एवढे पुरेसे आहे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी चाळिशीच्या उंबरठ्यावरचा ख्रिस्ती गृहस्थ आहे. बेळगावात उद्यमबागेतील एका कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून काम करतो. पत्नी सरकारी मराठी शाळेत शिक्षिका असून तिची शाळा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात आहे. ती सोमवारी पहाटेच्या बसने जाते आणि शनिवारी परतते. पावसाळ्यात तिकडची वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही जातात. मुले आणि माझी आई माझ्याजवळ असतात. गेले काही महिने आमच्या विभागात कंत्राटावर लागलेल्या एका तरुण सहकारी स्त्रीकडे माझे मन ओढले जात आहे. रात्री उशिरापर्यंत आमचे संदेश चालतात, सुटी झाल्यावर मी तिला गाडीवरून बसथांब्यापर्यंत सोडतो. मात्र मी तिला हात लावलेला नाही. ती मला मोहात पाडत आहे, असे कधी कधी वाटते. ‘वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच’ असे प्रभूने सांगितले आहे, म्हणजे माझे पाप तर होऊन गेले. रोज रात्री बायबलमधील ५१ वे स्तोत्र म्हणतो आणि तरीही फोन हातात घेतो. मित्र म्हणतात, ‘नुसत्या बोलण्याने काय होते? आता तर कायद्यानेही हा गुन्हा नाही.’ पत्नी घरी येते तेव्हा थकलेली असते. ‘एकमेकांना वंचित ठेवू नका’ हे प्रेषित पौलाचे पती-पत्नीच्या शरीरसंबंधाविषयीचे वचन मी तिला दाखवले, तेव्हा ती रडली. मी नोकरी सोडावी का? पत्नीला सांगावे का? मंडळीतील (चर्चमधील) युवक संघाचे काम माझ्याकडे आहे, ते सोडावे का?

सल्ला:

तुमचे पत्र प्रामाणिक आहे, त्यामुळे त्याला गुळमुळीत उत्तर देणे बरे नव्हे. तुम्ही स्वतःला फार कठोरपणे तपासले आहे, असे पहिल्या वाचनात वाटते. पुन्हा वाचताना मात्र लक्षात येते की पत्रभर तुमचे पाप, तुमची शुद्धता, तुमची शरम आणि तुमची प्रार्थना यांचीच चर्चा आहे. दोन स्त्रिया त्यात येतात, पण एक थकलेली म्हणून आणि दुसरी मोहात पाडणारी म्हणून. त्या दोघींना या साऱ्यात काय भोगावे लागत असेल, याविषयी एक ओळही नाही. तुम्ही पवित्र शास्त्राचा आधार घेतला आहे, म्हणून मीही तेथूनच बोलतो. हे सदर वाचणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी संदर्भ जाता जाता सांगत जाईन.

ज्या वचनाने तुमची झोप उडवली आहे ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात येते. त्याचा तुम्ही काढलेला अर्थ मला धोक्याचा वाटतो. पाप मनात झालेच आहे, तेव्हा आता थांबलो काय आणि पुढे गेलो काय, असा हिशेब त्यात दडलेला आहे, आणि हा हिशेब माणसाला नेमका पुढे जाण्याची मोकळीक देतो. येशूने इशारा इतक्या अलीकडे, नजरेपाशीच आणून ठेवला तो माणसाने लवकर मागे फिरावे म्हणून. मन विचलित होणे आणि विचलित झालेल्या मनाला रोज रात्री खाऊपिऊ घालणे यांत अंतर आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तर येशूविषयीच म्हटले आहे की तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मोह समोर येणे हेच पाप असते, तर हे वाक्य लिहिताच आले नसते. तुम्ही एका सहकारी स्त्रीकडे पाहून क्षणभर थबकलात, यासाठी रात्र रात्र जागण्याचे कारण नाही. फोन उशाशी पालथा घालून ठेवता आणि आई खोलीत आली की पडद्यावर बोट फिरवता, असे तुम्हीच लिहिले आहे. जागायचेच असेल तर त्यासाठी जागा.

त्याच ठिकाणी पुढे उजवा डोळा उपटून टाकण्याची गोष्ट येते. ती अक्षरशः घेऊन कोणाचा प्रश्न सुटणार नाही, कारण उजवा काढला तरी डावा शिल्लक राहतोच. परंतु त्या वचनाचा रोख ध्यानात घ्या. पाहणाऱ्याने आपल्याच अवयवाला जाब विचारावा, असे तेथे सांगितले आहे. जिच्याकडे पाहिले तिने पदर सावरावा, रस्ता बदलावा किंवा नोकरी सोडावी असा एक शब्दही तेथे नाही. आपल्या मंडळ्यांमधून, आणि मंडळ्यांबाहेरच्या समाजातूनही, या विषयावर जी प्रवचने होतात ती बहुधा नेमकी उलट दिशेने चालतात, हे मला नेहमीच खटकत आले आहे.

मित्रांच्या कायद्याच्या दाखल्याविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे ४९७ कलम रद्द केले, हे खरे आहे. परंतु त्या जुन्या कलमाखाली तक्रारीचा हक्क होता तो संबंधातील विवाहित स्त्रीच्या नवऱ्याला, आणि त्याची संमती असेल तर गुन्हाच होत नसे. म्हणजे बायको ही जणू नवऱ्याची मालमत्ता होती. ते कलम गेले म्हणून लग्नातील वचन गेले, असे होत नाही. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे. गंमत अशी की मालमत्तेची ही दृष्टी जुन्या करारातही सापडते. दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याची बायको त्याच्या घराच्या, बैलाच्या आणि गाढवाच्या बरोबरीने येते. ‘दुसऱ्याची आहे का’ एवढेच तेथे विचारले जाई. डोंगरावरील प्रवचनात मात्र ती कोणाची आहे हा प्रश्नच मागे पडतो. तुमची सहकारी अविवाहित आहे, म्हणून कोणाचे काही हिरावले जात नाही, असा दिलासा त्यामुळे तुम्हाला घेता येणार नाही.

आता ५१ व्या स्तोत्राकडे येऊ, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तेथे आहे. दावीद राजाने बथशेबेला भोगल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, तेव्हाचे हे स्तोत्र आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. त्यात दावीद देवाला म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, तुझ्याचविरुद्ध पाप केले आहे. पश्चात्तापाचे ते उत्कट बोल आहेत आणि त्यांची थोरवी मी कमी करू इच्छित नाही. पण ते एकटेच वाचले तर एक मोठी सोय होते: सारा व्यवहार देव आणि आपण यांच्यापुरता उरतो, डोळे भरून येतात, मन हलके होते, आणि हलक्या मनाने पुन्हा फोन हातात घेता येतो. म्हणून त्या स्तोत्रासोबत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील अकरावा आणि बारावा अध्याय वाचा. राजे लढाईला जातात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच मागे राहिला होता. संध्याकाळी तो गच्चीवर फिरत होता, त्याने पाहिले, चौकशी केली, आणि ती एलियामाची मुलगी व उरीयाची बायको आहे असे त्याला सांगण्यात आले. म्हणजे नजर गेल्यानंतरही त्याला थांबायला जागा होती. तिचे नाव, बाप आणि नवरा तिघांची ओळख त्याच्यापुढे ठेवण्यात आली होती. तरीही त्याने माणसे धाडून तिला आणवले आणि शेवटी उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. हा उरीया पुढे दाविदाच्या निवडक वीरांच्या यादीत सापडतो, ही गोष्ट तर फारच बोचरी आहे.

नाथान आल्यावर काय बोलला ते पाहा. वासना, शरीर, अशुद्धता यांपैकी कशाचाही उल्लेख न करता त्याने एक खटला सांगितला. एका श्रीमंताकडे पुष्कळ कळप होते. गरिबाकडे विकत घेतलेली एकच कोकरी होती, ती त्याच्या ताटातला घास खाई आणि त्याच्या कुशीत निजे. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपल्या कळपाला हात न लावता गरिबाची कोकरी कापली. दावीद संतापला आणि मग त्याला कळले की तो माणूस आपणच आहोत. ज्याच्याकडे देण्याची ताकद होती त्याने घेतले, हा नाथानाचा आरोप आहे. वासनेच्या पापाला त्याने अन्यायाच्या रांगेत उभे केले, आणि तुमच्या पत्रात हीच बाजू हरवली आहे.

तुम्ही लिहिता की ती तुम्हाला मोहात पाडत असावी. याकोबाच्या पत्रातील पहिला अध्याय सांगतो की प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जाऊन मोहात पडतो. तेव्हा तिच्या मनाचा शोध घेणे सोडा आणि तुमच्या दोघांच्या जागा पाहा. तिची हजेरी तुमच्या सहीने पुढे जाते, जादा कामाचे तास तुम्ही मंजूर करता आणि कंत्राट वाढवताना तुमचे मत विचारले जाते. असा माणूस रात्री साडेदहाला ‘जेवलीस का?’ म्हणून विचारतो, तेव्हा उत्तर न देण्याची सोय तिला कितपत आहे? ती हसते, उत्तर देते, गाडीवर बसते, याला तुम्ही ओढ समजता. ती कदाचित केवळ नोकरी सांभाळत असेल. कदाचित तिलाही तुमची ओढ असेल, परंतु हे तपासण्याची तुमची जागा नव्हे. मालकिणीने गळ घातली तेव्हा पोटीफराच्या घरातून अंगरखा टाकून पळालेल्या योसेफाचे उदाहरण तुमच्यासारख्या पुरुषांना आवडते, आणि ‘उत्पत्ती’ या पुस्तकातील ती कथा मोलाची आहेच, पण योसेफ तेथे विकत घेतलेला दास होता आणि मालकीण सत्तेवर होती. तुमच्या गोष्टीत सत्ता तुमच्या हाती आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा कंत्राटी स्त्रियांनाही लागू आहे, आणि दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे त्याने बंधनकारक केले आहे. तुम्ही छळ केला असे मी म्हणत नाही. तिच्या बाजूने हे सारे कसे दिसू शकते, एवढेच दाखवून देतो.

आता तुमच्या पत्नीकडे वळू. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय तुम्ही तिच्यापुढे ठेवला. त्या अध्यायाचा आरंभच ‘तुम्ही मला ज्या गोष्टींविषयी लिहिले’ असा आहे. म्हणजे पौलही तेथे पत्राला उत्तर देत होता, आणि उत्तर देणाऱ्याची कसरत त्यात जागोजागी दिसते. हे मी सांगतो, हे प्रभूचे सांगणे नव्हे, हे माझे मत आहे, असे तो पुन्हा पुन्हा स्पष्ट करतो. ‘वंचित ठेवू नका’ या वचनाच्या लगेच आधी तो म्हणतो की पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा आहे. तुमचे लक्ष, तुमच्या रात्री आणि तुमचे गोड बोलणे हेही त्या शरीराचेच भाग नव्हेत काय? मग गेले काही महिने वंचित कोण राहिले आहे? शनिवारी दुपारी दोन बसगाड्या बदलून, हातात आठवड्याचे मळके कपडे आणि तपासायच्या वह्यांची पिशवी घेऊन घरी आलेल्या बाईला तुम्ही पवित्र शास्त्र उघडून तिच्याकडे थकलेले देणे दाखवलेत. ती रडली नसती तरच नवल.

ती थकते, हे तुमच्या मोहाचे कारण म्हणून तुम्ही पुढे केले आहे. हे गृहीतक मला तपासण्याजोगे वाटते. आपल्या भागातील कितीतरी घरे अशीच वाटलेली आहेत: कोणाचा नवरा गोव्यात, कोणाची बायको कणकुंबीच्या पावसात, कोणी पुण्यात, कोणी आखातात. अंतर मोहाला वाव देते हे खरे, पण त्या अंतराचे काय करायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते. पत्नीचा फोन लागत नाही आणि सहकारी स्त्रीचा लागतो, असे तुम्ही लिहिले आहे. एक साधा प्रश्न विचारतो. पत्नीच्या त्या भाड्याच्या खोलीत तुम्ही शेवटचे कधी गेला होता? पावसाळ्यात तिचे छप्पर गळते का, रात्री वीज गेल्यावर ती वह्या कशाच्या उजेडात तपासते, शेजारी कोण राहते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक नियम आहे: नवे लग्न झालेल्याने वर्षभर लढाईवर जाऊ नये, घरी राहून बायकोला आनंद द्यावा. लढायांच्या त्या काळातही लग्नासाठी मुद्दाम वेळ काढून ठेवावा लागतो, हे त्या कायद्याला समजले होते. नीतिसूत्रांचा पाचवा अध्याय आपल्याच विहिरीचे पाणी पी, असे सांगतो आणि तारुण्यातील पत्नीच्या प्रेमाविषयी इतक्या मोकळेपणाने बोलतो की आपले पाळक (मंडळीचे धर्मगुरू) तो भाग सहसा मोठ्याने वाचत नाहीत. शरीराची ओढ शास्त्राला वाईट वाटत नाही. ती कोणाकडे आणि कोणत्या जबाबदारीने न्यायची, हा प्रश्न आहे.

तर मग करायचे काय? रात्रीचे संदेश आजपासून बंद करावेत. बंद करताना तिला लांबलचक कबुलीजबाब पाठवू नये. ‘माझ्या मनात तुझ्याविषयी असे असे होते, म्हणून मी दूर होत आहे’ हे वाक्य कितीही पवित्र हेतूने लिहिले तरी तो तिच्या डोक्यावर ठेवलेला बोजाच असतो, आणि बऱ्याच वेळा तो मोहाचा शेवटचा हट्टही असतो. कामाचे बोलणे कामाच्या वेळी आणि सर्वांसमक्ष होईल, एवढे एका ओळीत कळवले तरी पुरे. गाडीवरून सोडणे थांबवावे. तिची हजेरी आणि जादा तास दुसऱ्या पर्यवेक्षकाकडे द्यावेत, असे वरिष्ठांना सुचवावे, आणि या बदलाने तिचा एक रुपयाही बुडणार नाही, तिच्या कामाविषयी वावगा शब्द निघणार नाही, याची काळजी तुम्ही घ्यावी. आपली नीतिमत्ता सावरताना दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारे सज्जन मी पाहिले आहेत. नोकरी लगेच सोडू नका. हे करूनही मन आवरत नसेल तर विभाग बदलून मागा, आणि तो तुम्ही तुमच्यासाठी मागा, तिच्यासाठी नव्हे.

पत्नीला सांगावे, असे माझे मत आहे. यावर समुपदेशकांमध्ये मतभेद आहेत, आणि काहींच्या मते न घडलेल्या गोष्टीसाठी जोडीदाराला दुखवू नये. परंतु तुमच्या बाबतीत रात्रीमागून रात्री लपवणे घडलेले आहे. ती वर्गात शिकवत असताना कोणी तिसऱ्याने तिला फोनवरचे संदेश दाखवले, तर ते तिला अधिक जड जाईल. आधी थांबा आणि मग सांगा. सुरू असलेली गोष्ट सांगणे म्हणजे तिच्यावर पहारेकऱ्याचे काम लादणे होय. फोनवर सांगू नये, शनिवारी ती बसमधून उतरल्यावर सांगू नये, रविवारी उपासनेला निघताना तर मुळीच नको. दसऱ्याची किंवा नाताळची सुटी असेल, तिला पुढे दोन-तीन दिवस तुमच्यावर रागावायला, प्रश्न विचारायला आणि गप्प बसायला मोकळीक असेल, तेव्हा आई आणि मुले जवळ नसताना बोला. जे घडले ते सांगा; त्या स्त्रीच्या रूपाचे वर्णन, संदेशांतील एकेक शब्द आणि ‘तू नसतेस म्हणून’ हे तीन शब्द टाळा. मत्तयाच्या त्याच पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट कर. तुमचे रोजचे स्तोत्र काही दिवस वेदीपाशी राहिले तरी चालेल. तिने लगेच क्षमा करावी, अशी अपेक्षा धरू नका आणि क्षमेची वचनेही तिला दाखवू नका.

कोणा एका मोठ्या माणसाला विश्वासात घ्या. याकोबाच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे. पण त्यासाठी मंडळीचा व्हॉट्सअॅप गट उपयोगाचा नाही. ‘एका भावासाठी विशेष प्रार्थना’ अशी सकाळी टाकलेली विनंती संध्याकाळपर्यंत कॅम्पापासून शहापूरपर्यंत नावानिशी पोहोचते, हे तुम्हालाही ठाऊक असेल. पाळकसाहेब विश्वासू असतील तर ते, नाहीतर तुमच्याहून वयाने मोठा, लग्न निभावलेला आणि तोंडाचा घट्ट असा कोणी शोधा, आणि दर आठवड्याला त्याला स्पष्ट विचारू द्या. ज्यांना फोनवरील अश्लील दृश्यांची सवय सुटत नाही आणि झोप व काम दोन्ही बिघडत आहेत, अशा वाचकांनी मानसिक आरोग्याच्या टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला संकोचू नये. प्रार्थना आणि उपचार यांचे वैर नाही.

हाच पेच काही भगिनींनीही कळवला आहे, आणि त्यांच्यासाठी वरील बहुतेक गोष्टी तशाच लागू आहेत. मात्र एक फरक. ज्या घरात मारहाण किंवा जबरदस्ती आहे, तेथे ‘वंचित ठेवू नका’ आणि ‘देवाने जोडले ते माणसाने तोडू नये’ ही वचने दाखवून जर कोणी तुम्हाला परत पाठवत असेल, तर तो सल्ला घेऊ नये. अशा घरातून आधी सुरक्षित ठिकाणी जावे. निष्ठेचा विचार त्यानंतर, आणि तोही दोघांच्या निष्ठेचा.

युवक संघाचे काम सध्या बाजूला ठेवा. मुलामुलींसमोर उभे राहून शुद्धतेवर बोलायचे आणि घरी येऊन फोन पालथा करायचा, हे तुम्हाला आतून पोखरत असणार. पाळकसाहेबांना घरच्या कारणासाठी काही महिने मोकळीक हवी असे सांगितले, तर ते खोटे होणार नाही. शनिवारी दुपारी युवक संघाची बैठक असते असे तुम्ही लिहिले आहे. आता तो वेळ मोकळा होईल, तर खानापूरच्या बसस्थानकावर पत्नीला घ्यायला जा.